पाणी, गवत आणि आग : फुकटच्या शक्तीचा जुना हिशेब

गेल्या महिन्यात गावाहून भाच्याचा फोन आला. "मामू, आपल्या गायरानावर सोलर येतंय. शुक्रवारी जुम्म्यानंतर ग्रामसभा आहे. तुम्ही याच."

माझे गाव औरंगाबादपासून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून, एसटीने दीड-दोन तासांवर आहे. गावाला चाळीसेक एकर गायरान आहे. त्यातल्या वीस-बावीस एकरांवर पाच मेगावॉटचा सौर प्रकल्प येणार, तयार होणारी वीज जवळच्याच उपकेंद्रात जाणार आणि त्या उपकेंद्रावरच्या शेतकऱ्यांना दिवसा मोटारी चालवता येणार, असा एकूण बेत होता.

त्या दोन दिवसांत मला आणखी चार-पाच फोन आले. बागाईतदारांचे म्हणणे होते की प्रकल्प आलाच पाहिजे. त्यांचे खोटे नाही. माझा चुलतभाऊ रात्रपाळीचे पाणी द्यायला गेला होता, तेव्हा त्याला साप चावला. जीव वाचला, पण पाय अधू झाला. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणे काय असते, हे शहरात बसून कळत नाही. दुसरीकडे शेळ्या-मेंढ्या राखणारी घरे होती. त्यात धनगर होते, भिल्ल होते आणि आमच्या मोहल्ल्यातली सहा-सात घरेही होती. त्यांचा प्रश्न एकच होता. गायरानाला कुंपण पडले तर जनावरे न्यायची कुठे?

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. विजेतले मला फारसे कळत नाही. पण वारा, पाणी आणि ऊन यांपासून काम करून घेण्याची कल्पना काही आजची नाही. तिचे फायदे-तोटे माणसाने हजार-बाराशे वर्षांपूर्वीही अनुभवले आहेत. गावी जाण्याआधी मी ते आठवून पाहिले. हा लेख त्यातूनच झाला आहे.

पाणचक्की

सुरुवात घराजवळून करतो. गुरुवारी मी पाणचक्कीला जाऊन आलो. लहानपणी दादा मला तिथे न्यायचे. हौदातल्या मोठमोठ्या माशांना फुटाणे टाकायचे आणि मग आत जाऊन ते जाते पाहायचे, हा आमचा ठरलेला क्रम. बैल नाही, इंजिन नाही, तरी दगड फिरतो आहे, हे पाहून मी कितीतरी वेळ उभा राहायचो.

पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठावर आहे. बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे पीर बाबा शाह सईद पलंगपोश हे दोघे मध्य आशियातून, बुखाऱ्याकडच्या मुलखातून दख्खनमध्ये आलेले नक्शबंदी सुफी. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमांचा तो काळ. या दोन बुजुर्गांची हकीकत त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात लिहून ठेवली. पुढे सायमन डिग्बी यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. आज दिसणारे हौद, कारंजी आणि चक्की हे सारे संकुल अठराव्या शतकात टप्प्याटप्प्याने उभे राहिले. निजाम-उल-मुल्कच्या काळातल्या तुर्कताज खान आणि जमील बेग खान या सरदारांची नावे या बांधकामाशी जोडलेली आहेत.

रचना साधी आहे. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराखाली, काही किलोमीटरवर झऱ्याचे पाणी अडवले. ते मातीच्या नळांतून जमिनीखालून आणले. वाटेत उंच-सखल जमीन आहे, पण मूळ झरा उंचावर असल्याने पाणी आपल्याच दाबाने नळांतून इथवर येते आणि दर्ग्याजवळच्या उंच भिंतीत चढते. भिंतीवरून ते हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोराने चक्कीखालची लोखंडी पाती फिरतात आणि त्यांच्यासोबत वरचे जाते फिरते. पाणी वाया जात नाही. हौद भरतो, वजू होतो, कारंजी उडतात आणि उरलेले पाणी खामला मिळते. हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे. वर पाणी असल्याने ते भर उन्हाळ्यातही गार असते. तिथे मुसाफिर उतरत. चक्कीत दळलेल्या पिठाच्या भाकरी त्यांच्या, फकिरांच्या आणि अनाथांच्या पोटात जात.

या व्यवस्थेच्या मागे त्याहून जुनी परंपरा होती. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हा माणूस. दुष्काळी पठारावर शहर वसवायचे तर आधी पाणी हवे, हे त्याने ओळखले आणि नहर-ए-अंबरी बांधून काढली. त्यानंतर शहरात आणखी नहरी झाल्या. डोंगरउतारावर जमिनीत मुरलेले पाणी गोळा करून उताराने वाहत आणायचे, ही पद्धत इराणातल्या कनातीची नातलग आहे.

तिचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. नहर जमिनीतून पाणी उपसत नाही. जेवढे पाझरेल तेवढेच ती आणते. पाऊस कमी झाला की नहर आपोआप बारीक होते. तिच्यावर जगणाऱ्याला निसर्गाचा हिशेब रोज डोळ्यांनी दिसतो.

तोटाही तोच आहे. गुरुवारी मी गेलो तेव्हा हौदात पाणी खाली गेलेले होते आणि जाते थांबलेले होते. शहर वाढले, नहरीच्या मार्गावर घरे आली, रस्ते आले, जागोजाग विंधनविहिरी खोदल्या गेल्या. नळ गाळाने भरले. एका पोराने आपल्या बापाला विचारले, "पप्पा, हे बंद का आहे?" बापाने हातातल्या फोनवरून मान वर न करता सांगितले, "लाइट नसंल." मला हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले.

पाणी फुकट होते, पण नळ फुकट नव्हते. नळ साफ करणारी माणसे होती आणि त्यांचा पगार कुठून तरी येत होता. तो येईनासा झाला की फुकटची शक्तीही बंद पडते. हा पहिला धडा.

सिस्तानचा वारा, बसऱ्याची भरती

पवनचक्की म्हटले की आपल्याला हॉलंड आठवते. पण युरोपात पवनचक्क्या दिसू लागल्या बाराव्या शतकाच्या अखेरीस. त्याच्या दोन-अडीचशे वर्षे आधी इस्तखरी, मसूदी यांसारख्या अरबी लिहिणाऱ्या भूगोलकारांनी सिस्तानच्या पवनचक्क्यांची नोंद केली होती. सिस्तान म्हणजे आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरचा प्रदेश. मसूदी त्याला वारा आणि वाळूचा मुलूख म्हणतो. तिथल्या लोकांनी वाऱ्याकडून दळण करून घेतले आणि बागांसाठी पाणीही काढून घेतले.

या चक्क्यांचा आस उभा असे. दोन्ही बाजूंना मातीच्या उंच भिंती, मध्ये लाकडाची किंवा बोरूची उभी पाती आणि खाली जाते. इराणच्या खुरासानमधल्या नश्तीफान गावात अशा चक्क्यांची रांग आजही उभी आहे.

या तंत्राची मर्यादा ते बांधणाऱ्यांना पुरती माहीत होती. सिस्तान-खुरासानच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात जो जोराचा वारा सुटतो, त्याचे नावच 'एकशे वीस दिवसांचा वारा' असे आहे. उरलेले दिवस चक्की भरवशाची नाही. शिवाय भिंती एकाच दिशेला तोंड करून बांधलेल्या, त्यामुळे वारा फिरला की पाती थांबतात. म्हणून वारा असेल तेव्हा दळून ठेवायचे. पीठ हीच त्यांची साठवलेली शक्ती होती. आज आपण बॅटरीबद्दल जे बोलतो, तो प्रश्न त्यांनी कणगीने सोडवला होता. वीज मात्र कणगीत भरता येत नाही. सूर्य मावळला की पॅनेल थांबते आणि घरातले दिवे नेमके त्याच वेळी लागतात. सौर आणि पवन ऊर्जेची मोठी अडचण आजही हीच आहे.

पाण्यावरचे प्रयोग तर किती प्रकारचे! दहाव्या शतकातल्या इब्न हौकलने मोसुलजवळ तिग्रीस नदीत साखळदंडांनी बांधलेल्या नावांवरच्या चक्क्यांचे वर्णन केले आहे. नदीची पातळी चढो वा उतरो, नाव तिच्याबरोबर वर-खाली होई आणि चक्की चालू राही. त्याच शतकातल्या मुकद्दसीने बसऱ्याच्या कालव्यांच्या मुखाशी ओहोटीच्या पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या नोंदवल्या आहेत. सिरियातल्या हमा शहरात ओरोंटिस नदीवरचे प्रचंड लाकडी रहाट पाणी उचलून बागांना आणि शहराला देत. त्यातले काही आजही पाहायला मिळतात.

पवनचक्कीची एक जुनी गोष्टही सांगायला हवी. हजरत उमर यांचा खून ६४४ साली मदिनेत अबू लुलुआ या इराणी गुलामाने केला. तबरीसारखे इतिहासकार सांगतात की तो कुशल कारागीर होता आणि मालक आपल्याकडून रोज जास्त पैसे वसूल करतो, अशी तक्रार घेऊन तो उमर यांच्याकडे आला होता. उमर यांनी त्याला वाऱ्यावर चालणारी चक्की बनवण्याबद्दल विचारले. त्यावर तो अशा सुरात बोलला की तुमच्यासाठी अशी चक्की बनवीन, जिची चर्चा सगळीकडे होईल. उमर यांनी त्यातली धमकी ओळखली, असे ही हकीकत सांगते. ती घटनेनंतर दोन-अडीचशे वर्षांनी लिहिली गेली आहे, म्हणून तिच्यावरून पवनचक्कीचे वय ठरवणे धोक्याचे आहे. मला तिच्यात वेगळेच काही दिसते. नव्या यंत्राबद्दल सारे जण कौतुकाने विचारतात. ते बनवणाऱ्या हाताला रोज काय मिळते, याची तक्रार मागे राहते.

चक्कीवाला आणि बागवान

धुराशिवाय चालणाऱ्या या यंत्रांवरून भांडणे झाली नाहीत, असे समजू नका. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फेस शहरात बसून वन्शरीसी या फकीहने मगरिब आणि अंदलूसमधल्या फतव्यांचा प्रचंड संग्रह केला. 'अल-मियार' या नावाने तो ओळखला जातो. त्यात पाण्याचे आणि चक्क्यांचे कितीतरी खटले आहेत. चक्कीसाठी पाणी अडवले की खालच्या बागा सुकतात. बागांनी पाणी वळवले की चक्की थांबते. वरच्याचा हक्क मोठा की आधीपासून वापरणाऱ्याचा? पीठ महत्त्वाचे की पीक? काजींना असे प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावे लागले.

कुर्तुब्याच्या नदीकाठचा एक मोठा रहाट राणी इसाबेलाने त्याच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून उतरवायला लावला, अशी कथा सांगतात. आज पवनचक्कीच्या शेजारच्या वस्तीतले लोक आवाजाची तक्रार करतात, तेव्हा मला ती राणी आठवते. फरक इतकाच की राणीच्या तक्रारीची दखल लगेच घेतली गेली.

मुळशी आणि कोयना

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवायचे आणि ते पश्चिमेकडे कोकणात कोसळवून वीज करायची, ही कल्पना टाटांनी प्रत्यक्षात आणली. लोणावळ्याच्या तलावांवर चालणारे खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले. ही वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळाली. दगडी कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहराला तो मोठाच दिलासा होता. माझ्या आजोळची माणसे मदनपुऱ्यात राहून गिरणीत माग चालवत. त्यांच्या चुलीचा आणि त्या पाण्याचा संबंध होता, हे मी विसरून चालणार नाही.

पुढचा प्रकल्प मुळशीचा. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. पन्नासहून अधिक गावे त्यात बाधित होत होती. मावळ्यांची ती भाताची खाचरे. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली आणि त्यांनी यासाठी तुरुंगवासही भोगला. सत्याग्रह हरला, धरण झाले. धरणाविरुद्धच्या जगातल्या पहिल्या संघटित आंदोलनांत त्याची गणना होते.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यातली एक गोष्ट मला गायरानाच्या संदर्भात सारखी आठवत होती. मुळशीत जमीन कसणारा मावळा आणि कागदावर जमीन असलेला सावकार हे अनेकदा वेगळे होते. सावकाराला भरपाईची रक्कम चालणार होती, कारण त्याच्यासाठी जमीन म्हणजे पैसाच होता. मावळ्याला ती चालणार नव्हती. जमीन 'कोणाची' हे कागदावरून ठरते आणि जमिनीवर 'कोण जगते' हे कागदावर नसते.

कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हटले गेले आणि ते खरेही आहे. तिच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. संध्याकाळी विजेची मागणी एकदम चढते, तेव्हा जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येते. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे गेली. धरणाच्या पाण्याच्या भाराशी जोडलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचा अभ्यास करतात. आणि कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनासाठी अजून अर्ज करीत आहेत.

पाणचक्कीचे पाणी डोंगरातून येत होते, पण त्यासाठी कोणाचे गाव बुडाले नव्हते. तिचे पीठही तिथेच खाल्ले जात होते. अर्थात पाणचक्की एक-दोन जाती फिरवत होती आणि कोयना लाखो घरे उजळते. ही तुलना बरोबरीची नाही, हे मला कबूल आहे. मोठ्या कामाची किंमत मोठी असते. ती किंमत कोण भरतो, एवढेच पाहायचे असते.

उन्हाचा हिशेब

सौर ऊर्जेचे फायदे खरे आहेत. आपल्या देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशातून येते. चंद्रपूरकडच्या लोकांना विचारा, राख आणि धूर म्हणजे काय. कोळशाला पाणीही लागते. मराठवाड्यातले परळीचे औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. सौर पॅनेलला अधूनमधून धुण्यापुरते पाणी लागते. धूर नाही, आवाज नाही, इंधन विकत आणायचे नाही. काही महिन्यांत प्रकल्प उभा राहतो. गेल्या पंधरा वर्षांत पॅनेलच्या किमती खूप उतरल्या. मराठवाड्यात ऊन तर वर्षातले बहुतेक दिवस आहे. आणि आमच्या गावापुरते बोलायचे तर ही वीज दूरच्या शहरात जाणार नाही, शेजारच्या विहिरीवर जाणार आहे. मुळशीपेक्षा हा मोठा फरक आहे.

आता तोटे. पहिला, जागा. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. खाणीतला कोळसा खोल असतो, ऊन मात्र पसरून पडते. ते गोळा करायचे तर जमीन पसरून घ्यावी लागते. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला दर वर्षी भाडे मिळते आणि सरकारी जमीन नाममात्र दराने दिली जाते. साहजिकच नजर आधी गायरानावर जाते. कागदावर ते पडीक असते.

दुसरा तोटा पॅनेलचे आयुष्य संपल्यावरचा. पॅनेल साधारण पंचवीस वर्षे चालते. नंतर काच, अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोडे शिसे असलेला तो ढीग कुठे जाणार? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण नियम आणि गावचा उकिरडा यांत बरेच अंतर असते.

तिसरा तोटा फारसा बोलला जात नाही. सौर पंपाची वीज फुकट, म्हणून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. बिल येत नाही, म्हणून हात आखडत नाही. पॅनेलला ऊन संपत नाही, पण विंधनविहिरीतले पाणी संपते. नहर पाझरेल तेवढेच आणत होती, पंप शेवटच्या थेंबापर्यंत जातो. इराणात पंप आले आणि शेकडो वर्षे वाहणाऱ्या कनाती कोरड्या पडल्या, तेच इथेही होऊ शकते. एक शक्ती न संपणारी असली, तरी तिने दुसरी संपवता येते.

तीन वाटे

इस्लामी परंपरेत एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की पाणी, गवत आणि आग या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत. लहानपणी मदरशात हे ऐकले तेव्हा आगीचे मला कळले नव्हते. चूल पेटवायला शेजारणीकडून निखारा आणायचे दिवस होते ते, म्हणून वाटायचे की निखाऱ्याला नाही म्हणू नये, एवढाच अर्थ. आता वाटते की आग म्हणजे ऊर्जाच. आणि आमच्या गायरानावर तर हे तिन्ही वाटे एकमेकांसमोर उभे होते. गवत काढून आग करायची आणि त्या आगीने पाणी उपसायचे.

हजरत उमर यांच्या आणखी दोन गोष्टी इथे सांगतो. राखीव कुरणाला अरबीत 'हिमा' म्हणतात. उमर यांनी हिमाच्या राखणदाराला ताकीद दिली होती की दोन-चार उंट-बकऱ्या असलेल्या गरिबाला आत येऊ दे, अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना नको. हे दोघे पैगंबरांचे नामांकित साथी, पण श्रीमंत. त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे खजुराच्या बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो पोरेबाळे घेऊन खलिफाच्या दारात येईल. मग त्याला सोन्या-चांदीपेक्षा गवत देणे स्वस्त नाही का, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

दुसरी गोष्ट वक्फची. उमर यांना खैबरला चांगली जमीन मिळाली. तिचे काय करावे, हे त्यांनी पैगंबरांना विचारले. मूळ राखून ठेव आणि फळ वाट, असा सल्ला मिळाला. वक्फच्या कायद्याचा पाया तोच मानला जातो. पाणचक्कीही याच रीतीने चालली. झरा तसाच राहिला, त्याचे फळ म्हणजे पीठ मुसाफिरांना मिळाले. नवीकरणीय ऊर्जेची याहून सोपी व्याख्या मला माहीत नाही. मुद्दल शाबूत ठेवा आणि फळ वाटून खा. मात्र या व्याख्येत दोन अटी आहेत. 'मूळ' म्हणजे फक्त ऊन नव्हे, ज्या जमिनीवर ते गोळा करायचे ती जमीनही. आणि फळ वाटायचे असते.

ग्रामसभा

शुक्रवारी मी गेलो. पंचायतीसमोर मंडप होता. मी दहा मिनिटे बोललो. मुळशी सांगितली, पाणचक्की सांगितली. कोणाला किती कळले माहीत नाही. मग बागाईतदार बोलले. माझा चुलतभाऊ काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, "रात्रीचं पाणी बंद व्हावं, एवढंच माझं म्हणणं आहे. गायरान मोडावं असं मी म्हणत नाही." त्यानंतर वातावरण जरा निवळले.

शेवटी ठराव झाला तो असा. गायरानाची मुरमाड, दगडी बाजू प्रकल्पाला द्यावी आणि नाल्याकडची गवताची बाजू सोडावी. पाझर तलावाकडे जाणारी जनावरांची वाट कुंपणाच्या बाहेर राहावी. राखण आणि धुण्याची कामे आधी शेळ्या-मेंढ्यावाल्या घरांना मिळावीत. प्रकल्पवाल्यांच्या माणसाने मुरमाड बाजू सपाट करायला खर्च जास्त येतो, वर विचारून सांगतो, असे उत्तर दिले. अंतिम निर्णय गावाच्या हातात नाही, तो जिल्ह्याला होईल.

सभा संपताना एक धनगर म्हातारी उठली. तिने कंपनीच्या माणसाला विचारले, "ह्या काचा किती वर्सं चालतील?"

"पंचवीस, आजी."

"मंग उचलून कोन नेनार?"

त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले. आमच्या ठरावात हे कलम नव्हते. मी इतिहासाचा मास्तर, हजार वर्षांचा हिशेब घेऊन गेलो होतो आणि पुढच्या पंचवीस वर्षांचा प्रश्न मला सुचला नव्हता. भाच्याने ठरावाच्या खाली जागा करून ते पाचवे कलम स्वतःच्या हाताने लिहिले, सरपंचांना वाचून दाखवले आणि म्हातारीचा अंगठा सगळ्यात आधी घेतला.

सोमवारी मोजणी आहे. भाचा म्हणतो, मेंढरे त्या दिवशीही तिथेच असतील.